काल्पनिक देशाची निवडणूक: टक्क्यांवरून थेट जागा काढू नका

तुमच्या कादंबरीतल्या देशात 200 जागांची संसद आहे, निवडणूक तोंडावर आलीय आणि तुम्ही विचारलंय की सत्ताधाऱ्यांना 40 टक्के मतं दाखवली तर 80 जागा बरोबर होतील का. आपल्यासारखी पद्धत असेल, म्हणजे एका मतदारसंघातून एकच निवडून येणार, तर नाही होणार. 2014 ला भाजपला 31 टक्के मतांत 282 जागा मिळाल्या आणि बसपाला 4 टक्क्यांच्या वर मतं पडूनही भोपळा.

मतं किती यापेक्षा ती कुठे पडली हे आधी ठरवा. ब्रिटनमधे 2015 ला युकिप या पक्षाला जवळपास 39 लाख मतं होती पण देशभर विखुरलेली, जागा आली एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीची साधारण साडेचौदा लाख, सगळी स्कॉटलंडात, त्यांचे 56 खासदार.

प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, घेतली तरी बऱ्याचदा किमान मतांची अट असते, आणि तिथेच खरं नाट्य आहे असं मला वाटतं. तुर्कस्तानात ही अट 10 टक्के होती, 2002 ला फक्त दोनच पक्ष ती ओलांडू शकले, त्यामुळे एकेपी या पक्षाला 34 टक्क्यांवर 550 पैकी 363 जागा मिळाल्या आणि बाकीच्यांची लाखो मतं वाया गेली. तुमच्या छोट्या पक्षाला 9.5 टक्क्यांवर अडकवून बघा, अख्खं प्रकरण उभं राहील.

आणि निकालाचा दिवस एका ओळीत उरकू नका प्लीज. मी काउंटिंग एजंट म्हणून, म्हणजे उमेदवाराच्या वतीने मोजणीवर लक्ष ठेवायला बसलोय, जाळीपलीकडे टेबलावर मशीन ठेवतात, सील दाखवतात, रिझल्टचं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचा आकडा येतो आणि आपण तो घाईघाईत कागदावर उतरवत 17सी फॉर्मच्या (केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याची नोंद) टोटलशी ताडून बघत असतो. आमचा माणूस अकराव्या फेरीपर्यंत पुढे होता, बाहेर गुलाल आणून ठेवलेला, मग तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची गावं लागली आणि लीड तुटत गेलं, शेजारच्या टेबलावरचा आमचाच पोरगा आकडे लिहायचा थांबला. मुंबई उत्तर पश्चिमला 2024 ला 48 मतांनी निकाल लागला, तिथल्या एजंटांचं काय झालं असेल विचार करा.

तेव्हा आधी नकाशा काढा, कुठला पक्ष कुठल्या भागात चालतो ते लिहा आणि इथे टाका, जागा आपण एकेक करून वाटू.