मेट्रनना फोन करण्याआधी

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीएस्सी नर्सिंग करून दीड वर्ष बेळगावच्या एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात आहे. आता तिला इन्फेक्शन कंट्रोल नर्सची, म्हणजे इस्पितळात संसर्ग पसरू नये यावर लक्ष ठेवणाऱ्या नर्सची जागा देऊ केलीय. वडिलांना ती जागा नको. साथीच्या पोरांत वावरावं लागणार, स्थळं बघणं चालू आहे, त्यापेक्षा तिने सरकारी भरतीचा अभ्यास करावा. "तिला कसं समजवायचं ते सांगा," असं विचारलंय.

साहेब, तिला समजवायचं राहू द्या. तिला न सांगता मेट्रनना, म्हणजे तिच्या वरिष्ठ नर्सना, फोन करून "हिला तिकडे टाकू नका" म्हणालात, हे तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेला आहात. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. या जागेवर तिला उद्या राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना खाटेजवळ अडवून "सर, हात धुतले का" असं टोकायचंय. जिच्यासाठी वडील परस्पर फोन करतात, तिचं टोकणं कोण मनावर घेईल? दोन पानी पत्रात स्थळांची माहिती आहे, मेहुण्यांचं मत आहे. तिला स्वतःला काय हवंय याची एक ओळ नाही. ते आधी विचारा, आणि फोन केला होता हेही तिला सांगून टाका. मेट्रनकडून कळण्यापेक्षा बरं.

ती घरी आली की नातवाला तिच्याजवळ जाऊ देत नाही, असंही लिहिलंय. तुमची समजूत अशी दिसते की आयसोलेशनची, म्हणजे संसर्गाच्या रुग्णाला वेगळं ठेवायची खोली म्हणजे इस्पितळातली सगळ्यात धोक्याची जागा. खरं तर तिथल्या मुलाला काय झालंय, निदान कशाचा संशय आहे, हे माहीत असतं. दारावर पाटी असते आणि आत जाणारा तयारीने जातो. ताप आणि पुरळ असलेलं पोर ओपीडीच्या बाकावर इतर पोरांत तासभर बसतं, खरा धोका तिथे. 2018 मध्ये कोझिकोडकडे निपाह विषाणूची लागण झाली ती बरीचशी इस्पितळातच, आणि रोगाचं नाव कळण्याआधी. शिवाय प्रत्येक रोगाची वाट वेगळी. गोवर हवेतून जातो, पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून नंतरच्या 4 दिवसांपर्यंत. म्हणून त्याला बंद दाराची, हवा बाहेर खेचणारी, तासाला 12 वेळा हवा बदलणारी खोली लागते आणि आत जाणाऱ्याला एन-95 मास्क. मूल हलवल्यावरही ती खोली लगेच दुसऱ्याला देत नाहीत. तुमच्या जंगलपट्ट्यात ज्याची धास्ती असते तो माकडताप मात्र गोचिडीच्या चाव्यातून होतो, माणसाकडून माणसाला जात नाही. तिथे रक्त आणि सुया नीट हाताळणं महत्त्वाचं. नातवाची काळजी असेल तर त्याचं लसीचं कार्ड काढा. एमआरचा (गोवर-रुबेला) पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत झालाय का बघा.

अंगावर चढवायच्या संरक्षक किटचंही तसंच. चूक होते ती बहुतेक काढताना. आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत, आणि खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर शेवटी एन-95, तोही मागच्या पट्ट्या धरून. मग हात धुवायचे. ड्युटी संपवायच्या घाईत लोक आधी मास्कच समोरून धरून खाली ओढतात. हे पकडणं हीच तिची नोकरी.

मुलांच्या वॉर्डात ही नोकरी मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा अवघड. दोन वर्षांचं पोर मास्क ठेवत नाही. आई खाटेवरच असते, आणि शेजारचं रडलं की माऊली त्यालाही उचलून घेते. नेब्युलायझरचा मास्क एकाचा काढून दुसऱ्याला लावला जातो. कापडी अस्वल सगळ्यांच्या तोंडात फिरतं. खेळणी धुता येणारीच हवीत. पुसायचं जंतुनाशक, हायपोक्लोराइट, 5 टक्क्यांचं असेल तर 200 मिली त्यात 800 मिली पाणी, म्हणजे 1 टक्का झालं. बाटली 10 टक्क्यांची आली तर हे गणित बदलतं, आणि लेबल कोणी वाचत नाही. कालचं उन्हात राहिलेलं द्रावण आज पुसायला घेतात, किंवा त्यातच फिनेल-साबण ओततात. तिला हे मावशींना कन्नडमध्ये, खानापूरच्या आईला मराठीत आणि डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचंय. बेळगावची मुलगी ते करू शकते. बाहेरून आलेल्या नर्सला इथे दमच लागतो.

नॉरसेट (एम्सच्या नर्सभरतीची परीक्षा), राज्याची स्टाफ नर्स भरती (तिथे कन्नड पक्कं हवं), एमएस्सी, हे सगळं नोकरी सांभाळून करता येतं, आणि एमएस्सीला एक वर्षाचा अनुभव लागतोच.

तुमचा विरोध एका ठिकाणी मात्र कामाला येईल. हो म्हणण्याआधी तिने लेखी विचारून घ्यावं: ही पूर्णवेळ जागा आहे की वॉर्डाची ड्युटी सांभाळून वरचं काम? मायक्रोबायोलॉजिस्ट (जंतू तपासणारे डॉक्टर) कोण, संसर्ग नियंत्रण कमिटीची बैठक कधी होते? हेपॅटायटिस-बीचे तीन डोस झाल्यावर अँटीबॉडी तपासून देणार का (10 च्या वर हवी)? सुई टोचली तर रात्री दोन वाजता औषध कोण देणार? एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, 72 तासांनंतर उपयोग नाही. काही ठिकाणी ही जागा फक्त इस्पितळाच्या दर्जाच्या मानांकनाच्या तपासणीपुरती असते. हात धुण्याची नोंदवही आदल्या रात्री एकाच पेनाने भरतात, आणि सही हिची. तशी जागा निघाली तर तिने घेऊ नये. वॉर्डातलीच ड्युटी बरी.