विचारा ताईला : फोटो इन्स्टासाठी दिला, फ्लेक्सवर कसा गेला?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की नागपुरात मॉडेलला शूटच्या दिवशी पोहे वेळेवर मिळतात, पैसे मिळत नाहीत. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. नावं कुणाचीच छापत नाही, मार्केट लहान आहे, उद्या परत त्याच लोकांकडे काम मागायला जायचं असतं.

ताई, मी मानेवाड्याला राहते, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीच्या आधी एका साडीवाल्यासाठी शूट केलं. एक दिवस, ३८ साड्या, २,५०० रुपये. "फक्त इन्स्टावर टाकायचे आहेत" असं ते म्हणाले होते, चॅट आहे माझ्याकडे. या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला इतवारीत गेली तर चौकात माझाच फोटो, हा एवढा मोठा फ्लेक्स! मैत्रिणी सेल्फी काढून राहिल्या होत्या, मलापण आधी भारी वाटलं, पण रात्री झोप नाही आली. बाबा म्हणतात पैसे घेतले ना तू, मग आता काय. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, बेटा तुझीच पब्लिसिटी होऊन राहिली. माझं चुकतंय का?

नाही बेटा, तुझं काही चुकत नाही, आणि हे बाबांनापण वाचून दाखव. लग्नासाठी एक दिवस भाड्यानं आणलेली शेरवानी कुणी वर्षभर घालून फिरलं तर दुकानदार भाडं मागणारच ना, आणि तो मागतो तेव्हा कुणी त्याला म्हणत नाही की तुझ्या शेरवानीची पब्लिसिटी होऊन राहिली. तुझ्या चेहऱ्याचं तेच आहे. २,५०० रुपये तू इन्स्टाच्या वापराचे घेतले होते. फ्लेक्स हा दुसरा वापर, त्याचा वेगळा पैसा. बोट दिलं म्हणून मनगट धरायचं नसतं.

आणि खरं सांगू का, २,५०० तर त्या एका दिवसाचेपण कमीच झाले. मी स्वतः १४ वर्षं शूटवर साड्या नेसवल्या आहेत म्हणून ३८ साड्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. एका साडीला सात-आठ पिना, दोन मॉडेलमध्ये एकच ब्लाउज असतो म्हणून पाठीमागून कपड्याचे चिमटे लावून फिटिंग करायचं, समोरून सगळं टापटीप आणि मागून दोरीवर वाळत घातल्यासारखी पोरगी. सकाळी नऊला मेकअपला बसली की रात्री नऊला सुटते, मधे पाणी कमी प्यायचं कारण साडी सोडून बाथरूमला जायचं म्हणजे अर्धा तास गेला. एकदा एप्रिलमध्ये फुटाळा तलावावर आउटडोअर होतं, लग्नाच्या सीझनचं जरीकाम, दुपारचा एक वाजलेला, पोरीच्या पायाखाली दगड इतका तापला होता की मी दोन शॉटच्या मधे तिच्या पायावर बिसलेरी ओतत होते. फोटोत फक्त हसू दिसतं. त्या दिवशी पाकीट हातात आलं तर ठरल्यापेक्षा ५०० कमी, विचारलं तर म्हणे ऊन होतं म्हणून लवकर पॅकअप झालं ना! मी तेव्हा गप्प बसले, ते आजही मला खातं, म्हणून आता एवढं लांबलचक लिहून राहिली आहे.

आता कायद्याचं. दुकानदार म्हणेल फोटो माझा आहे, फोटोग्राफरला पैसे मी दिले. ते बरोबर आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच असतो. पण फोटोचा कॉपीराइट वेगळा आणि तुझा चेहरा जाहिरातीत वापरायची परवानगी वेगळी, बहुतेक वाद इथंच गोंधळतो. १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे. पुढे २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टात एक केस झाली, तनिष्कच्या जाहिरातीतला अमिताभ आणि जया बच्चनचा फोटो मुजफ्फरनगरच्या एका ज्वेलरनं आपल्या होर्डिंगवर लावला होता, तनिष्कची मालक टायटन कंपनी कोर्टात गेली आणि कोर्टानं त्या ज्वेलरला थांबवलं, आपली ओळख जाहिरातीत कशी वापरायची हे त्या माणसानंच ठरवायचं असं निकालात आलं. बच्चन मोठे आहेत, तू मानेवाड्याची आहेस, मान्य. पण १९९४ च्या निकालात माणूस प्रसिद्धच पाहिजे अशी अट कुठंही नाही.

लगेच कोर्टात जा असं मी म्हणत नाही. आधी फ्लेक्सचा फोटो काढ, चौक दिसला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, आणि फोटो दोन ठिकाणी सेव्ह कर. चॅट डिलीट करू नको, फोन बदलला तरी जुना फोन ठेव. मग शांतपणे व्हॉट्सअॅपवरच लिही, फोन नको, लेखी पाहिजे : "काका, शूट इन्स्टासाठी ठरलं होतं, इतवारीत फ्लेक्सवर फोटो आहे. फ्लेक्सच्या वापराचे इतके रुपये द्या किंवा अमुक तारखेपर्यंत फ्लेक्स काढा." बस. भांडण नाही, रडणं नाही, "प्लीज"पण एकदाच. दहापैकी बरेच जण इथंच तोडपाणी करतात कारण दिवाळी तोंडावर असते आणि त्यांनापण बभ्रा नको असतो. नाहीच ऐकलं तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, हेल्पलाइन नंबर १५१००. पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून आजच्या आज काही करायची गरज नाही पण पुढच्या दिवाळीवर ढकलूही नको.

आणि पुढच्या वेळी रेट सांगायच्या आधी चार गोष्टी विचार : किती तास, किती कपडे, फोटो कुठं कुठं लावणार, किती महिने वापरणार. या चारचं उत्तर आलं की मगच आकडा. इन्स्टाचा जो तुझा रेट असेल त्याच्यावर होर्डिंगसाठी निदान त्याच्या निम्मे तरी आणखी माग, असं मी माझ्याकडच्या पोरींना सांगते. हे काही सरकारी दरपत्रक नाही, पण कुठून तरी सुरुवात करावी लागते.

ताई, मी जरीपटक्याचा आहे, वय २४. एका कोऑर्डिनेटरकडून ज्वेलरीचं काम आलं, नवरदेवाचा रोल. मला ४,००० मिळाले, तेही तीन महिन्यांनी. नंतर दुकानाच्या मॅनेजरकडून कळलं की माझ्या नावावर ९,००० घेतले होते. आता तोच कोऑर्डिनेटर म्हणतो २०,००० भरून पोर्टफोलिओ बनव, मग मोठं काम देतो.

२०,००० देऊ नको. जो काम देतो तो पैसे देतो, जो आधी पैसे मागतो त्याचा धंदा तू आहेस, काम नाही. चांगले आठ-दहा फोटो मित्राच्या कॅमेऱ्यावर सेमिनरी हिल्सला सकाळी सातच्या उजेडात निघतात, क्लायंटला तेवढेच बघायचे असतात, एक समोरून, एक साइडनं, एक पूर्ण उभा, मेकअपशिवाय.

कमिशन घेणं वाईट नाही रे, कोऑर्डिनेटर क्लायंट आणतो, फोन करतो, मॉडेल आली नाही तर रात्री अकराला दुसरी शोधतो, त्याची मेहनत आहेच. पण कमिशन सांगून घ्यायचं असतं. ९ मधले ५ लपवून घेतले त्याला कमिशन म्हणत नाहीत. काम घेतानाच विचार की क्लायंट किती देतोय आणि तू किती ठेवणार, नाही सांगितलं तर तो माणूस कसा आहे ते तिथंच कळलं. अर्धे पैसे शूटच्या आधी, उरलेले शूटच्या दिवशी घे आणि ऑनलाइन घे म्हणजे नोंद राहते. कुणी "टीडीएस कापला" म्हणून कमी दिले तर इन्कम टॅक्सच्या साइटवर तुझ्या पॅनवर तो जमा दिसला पाहिजे, नसेल दिसत तर तो टॅक्स नाही, तो त्याच्या खिशात गेला.

मी गांधीबागेतला कापडाचा व्यापारी आहे, वडिलांपासूनचं दुकान. तुमचा कॉलम घरात सगळे वाचतात. मॅडम, आम्हालाच का बोलता? मुंबईच्या मॉडेलचा फोटो लावला की गिऱ्हाईक थांबतं, लोकल लावला की म्हणतात ही तर आपल्या कॉलनीतली आहे. लोकल पोरींना एवढे पैसे देणं आम्हाला परवडत नाही.

भाऊ, तुम्ही नीट लिहिलंत म्हणून मीपण नीट लिहिते. मुंबईची मुलगी येते तेव्हा तुम्ही विमानाचं तिकीट देता, वर्धा रोडच्या हॉटेलात खोली देता, आठ तासांच्या वर गेलं की ओव्हरटाइम देता, आणि फोटो किती महिने लावायचे ते तिच्या एजन्सीचा कागद सांगतो तेवढेच लावता. म्हणजे नियम तुम्हाला माहीत आहेत. सही करून पाळताय तुम्ही. त्याच दिवशी बाजूला उभी असलेली आपली पोरगी स्कूटीवर स्वतःच्या पेट्रोलनं आली, स्वतःचे कानातले घेऊन आली, तिला संध्याकाळी "बघू पुढच्या आठवड्यात". तिकिटाचे आणि हॉटेलचे वाचले ना, त्यातलेच तिला द्या की! मी मुंबईइतके द्या असं म्हणतच नाही, ठरलेले द्या, त्याच दिवशी द्या, आणि जेवढं ठरलं तेवढंच वापरा.

आणि कॉलनीतली आहे म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही, हे मला पटत नाही भाऊ. खरं काय ते आपण दोघंही जाणतो, पोरगी सावळी आहे म्हणून नको असते. विदर्भातल्या अर्ध्या बायका सावळ्या आहेत, त्या तुमच्याच दुकानात लग्नाच्या साड्या घेतात, आणि घरी जाऊन आरशासमोर साडी लावल्यावर रंग फोटोसारखा उठत नाही म्हणून नाराज होतात. सावळ्या अंगावर मोरपंखी कसा दिसतो, राणी कलर कसा दिसतो, हे त्यांना तुमच्या फ्लेक्सवर बघू द्या एकदा. सावळी म्हणून रेट कमी लावणं हे तर फार वाईट, तसं होतं आपल्याकडे, मी समोर ऐकलंय आणि मेकअपच्या खुर्चीवर बसलेल्या त्या पोरीनंपण ऐकलं होतं. ती पोरगी नंतर शूटला आलीच नाही कधी.

बजेट खरंच कमी असेल तर ३८ साड्या करू नका, १५ करा. अर्धा दिवस घ्या, अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. हे कुणालाही परवडतं.

माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, शाळेच्या बॅगच्या जाहिरातीसाठी विचारलंय. पैसे कोणाच्या नावावर घ्यायचे?

मुलाच्या नावावर खातं उघडा. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम आहेत, त्यात मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या एफडीमध्ये गेले पाहिजेत. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. जाहिरात बनवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, ती तुम्ही मागून बघा, कागद दाखवला नाही तर तिथूनच परत या. शाळा बुडवायची नाही, आणि त्याला झोप आली तर झोपू द्या, शूट थांबतं.

मी रिटायर्ड माणूस, महालात राहतो. शेजारची चित्रकलेची पोरं म्हणतात काका बसा, पोर्ट्रेट काढायचंय. चार-चार तास बसतो. दाढी आणि पगडी त्यांना आवडते. पैसे मागावे का? लाज वाटते.

मागा काका, लाज कसली. चित्रकलेच्या वर्गात मॉडेलला पैसे देतात, ते कामच आहे, हलायचं नाही हे सोपं काम नाही. मान आखडते, पाय बधीर होतात, नाकावर माशी बसली तरी हात उचलता येत नाही. पोरांजवळ पैसे कमी असतील तर चार-पाच जणांनी मिळून द्यावे, तासाप्रमाणे ठरवा आणि बसायच्या आधी ठरवा. दर २० मिनिटांनी ५ मिनिटं उठायचं, खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खूण करून ठेवायची म्हणजे परत त्याच जागी बसता येतं. आणि पाठीला उशी मागून घ्या.