वाचक विचारतात : प्रमुख रजेवर, संस्था कामावर

प्रश्न : बारा वर्षं एका संस्थेची संचालक आहे. तीन महिन्यांच्या सबॅटिकल फेलोशिपसाठी (संस्थाप्रमुखाला विश्रांतीची दीर्घ रजा घेता यावी म्हणून मिळणारं अर्थसाहाय्य) अर्ज करायचाय, पण 'मागे कोण बघणार?' असं विश्वस्त विचारतात. तयारी कुठून सुरू करू?

उत्तर : विश्वस्तांचा प्रश्न रास्त आहे आणि निवड समितीही तोच विचारते. लॉस एंजेलिसच्या डर्फी फाउंडेशनने १९९७ मध्ये अशी फेलोशिप सुरू केली, बोस्टनच्या बार फाउंडेशनने २००५ मध्ये. अशा योजनांत पैसा प्रमुखाच्या विश्रांतीसाठी असतो हे खरं, पण त्या निमित्ताने संस्थेची दुसरी फळी उभी राहावी हाही हेतू असतो. म्हणून अर्जात प्रवासाच्या बेताला एक परिच्छेद पुरे. बाकी जागा कामाच्या वाटणीला द्या.

निघण्याच्या सहा महिने आधी विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव करून घ्या. त्यात रजेच्या तारखा, पगार, हंगामी प्रमुखाचं नाव आणि त्यांनी किती रकमेपर्यंतचा खर्च स्वतः मंजूर करायचा, हे आकड्यात यावं. मग बँकेकडे वळा. सह्यांचे अधिकार बदलायला आठवडे लागू शकतात. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत असेल, तर सगळं नियोजन तिथेच अडकतं. देणगीदारांचे करारही उघडून वाचा. काही करारांत प्रकल्पाची मुख्य व्यक्ती म्हणून तुमचं नाव असतं आणि ती बदलायला आगाऊ लेखी संमती लागते. ऑडिट किंवा मोठ्या अनुदानाचं नूतनीकरण रजेत येत असेल, तर सरळ तारखा बदला.

दोन महिने आधी रंगीत तालीम घ्या : एक आठवडा फोन बंद, मेल बंद. त्या आठवड्यात जी कामं अडली, तीच हस्तांतरणाची खरी यादी. टेबलाशी बसून केलेल्या यादीत यातली निम्मी सुटतात. अडीअडचणीला कधी बोलवायचं तेही लिहून ठेवा. दोन-तीनच प्रसंग ठरवा आणि फोन फक्त मंडळाच्या अध्यक्षांनीच करायचा. 'काही लागलं तर कळवा' म्हणून निघालात, तर रोज काहीतरी लागेलच.

प्रश्न : सुटीत पुस्तक लिहून पूर्ण करावं म्हणतो. अर्ज वजनदार होईल ना?

उत्तर : उलट शंका येईल. अनेक योजना विश्रांतीसाठीच असतात; आधी नियम वाचा. पहिले दोन-तीन आठवडे तर नुसता थकवा उतरण्यात जातात. आणि मनात राजीनामा घोळत असेल, तर अर्जाआधी अध्यक्षांच्या कानावर घाला. काही ठिकाणी परत येऊन ठरावीक काळ काम करण्याची अट असते. रक्कम तुमच्या खात्यात येणार की संस्थेच्या, त्यावर कर ठरतो. हिशेबनिसाला आधीच विचारा.

प्रश्न : आमचे संचालक अशा रजेवर जाताहेत, कारभार माझ्याकडे येतोय. मी काय मागून घ्यावं?

उत्तर : तीन गोष्टी, तिन्ही लेखी. पहिली, 'हंगामी संचालक' हे पद आणि त्या काळाचा जादा भत्ता. काही फेलोशिप यासाठी वेगळी रक्कम देतात, अर्ज करतानाच चौकशी करायला सांगा. दुसरी, तुमची सध्याची कामं कोणाकडे जाणार. ही वाटणी राहून गेली, तर तुम्ही तीन महिने दोन नोकऱ्या कराल आणि ते परतल्यावर आजारी रजा टाकाल. तिसरी गोष्ट मागायला संकोच वाटतो, पण सोडू नका : संचालक परत आल्यावर कोणती कामं कायमची तुमच्याकडे राहणार? प्रमुख ताजेतवाने होऊन येतात, पहिल्याच सोमवारी सगळ्या फायली स्वतःकडे ओढतात आणि इतके दिवस निर्णय घेणारा सहकारी पुन्हा परवानगी मागू लागतो. असे लोक मग दुसरी नोकरी शोधतात. परतीचा पहिला आठवडा संचालकांनी अर्धवेळ यावं, एकही मंजुरी देऊ नये, फक्त तुमच्याकडून ऐकावं, एवढं जाण्याआधीच ठरवून घ्या.