आंबा आटोपला की युरोप

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मुलगा 14 वर्षांचा, पुढल्या वर्षी त्याची दहावी. मुलगी 10 वर्षांची. दोघंही खाडीत पोहणारी, सायकल दामटणारी, एका जागी न बसणारी. येत्या उन्हाळ्यात युरोपला जायचं म्हणतोय आणि घरात चार पक्ष पडलेत. ह्यांना टूर कंपनीची बस हवी : 11 दिवस, 6 देश. मुलाला स्वित्झर्लंडच्या डोंगरांत चालायचंय. माझ्या भावाने डॅन्यूब नदीकाठची पासाऊ ते व्हिएन्ना ही सायकलवाट सुचवलीय. मुलीला स्लोव्हेनियात राफ्टिंग करायचंय. सासूबाई 66 वर्षांच्या, चालायला खमक्या, पण सायकल कधी चालवलेली नाही. त्यांनाही न्यायचंय. काय निवडावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, पत्रात सगळं लिहिलंत, फक्त कधी जाणार ते लिहिलं नाहीत. आणि निवड त्यावरच होणार आहे. युरोपातला फिरायचा हंगाम म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा शाळा सुरू आणि पाऊस धो धो. तुमचा हापूस मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुम्हाला हलू द्यायचा नाही, आणि जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजणार. उरले मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा. (मिरगाची पेरणी भावावर सोपवा. सायकलवाट त्यांनीच सुचवलीय ना!)

या दिवसांत मुलाचं स्वित्झर्लंड बसत नाही. आयगर शिखरासमोरून मॅनलिखेन ते क्लाइने शायडेग ही साडेचारेक किलोमीटरची वाट लहान मुलांनाही जमते, पण मेअखेरीस तिच्यावर बर्फ असू शकतं. काही रोपवे त्या सुमारास वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात. लाउटरब्रुनेनच्या दरीत मात्र बर्फ वितळून धबधबे भरात असतात. श्टाउबबाख तर जवळपास 300 मीटरवरून कोसळतो. पण डोंगरात चालायला निघालेल्या पोराने खाली उभं राहून वर बघत बसायचं, तेही त्या देशाच्या भावात? नको. जुलै-ऑगस्ट जमेल त्या वर्षी जा.

बसच्या टूरबद्दल थोडक्यात सांगते. सहा देश दिसतील, पण बरेचसे काचेतून. तुमची मुलं तिसऱ्या दिवशी बसमध्ये दंगा घालतील आणि पुढच्या सीटवरचे काका मागे वळून तुमच्याकडे बघतील.

माझं मत भावाच्या बाजूने. पासाऊ हे जर्मनीतलं सरहद्दीवरचं गाव. तिथे इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. तिथून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सुमारे 320 किलोमीटरची वाट नदीच्या प्रवाहाबरोबर जाते, म्हणून बहुतेक सपाट. चढाला उतरून सायकल ढकलायची सवय असलेल्या आपल्या पोरांना ती भलतीच सोपी वाटेल. भाड्याच्या सायकली लहान मापातही मिळतात, आणि बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोचवणाऱ्या कंपन्या आहेत.

मात्र 320 च्या 320 किलोमीटर रेटायचा हट्ट धरू नका. पहिला टप्पा पासाऊ ते श्लोगेन, चाळीसेक किलोमीटर. तिथे नदी डोंगराला अडून पार उलटी वळते. ते वळण वरून बघायला अर्ध्या तासाची चढण आहे, आणि तुमच्या मुलाची डोंगराची हौस थोडीफार तिथे भागेल. वाटेत सायकलीसकट पलीकडे नेणाऱ्या छोट्या फेरीबोटी आहेत, मुलीला त्या आवडतील. लिन्झ शहरातून बाहेर पडताना सरळ रेल्वे धरा, कारखान्यांच्या कडेने पेडल मारण्यात काही मजा नाही. वाचवलेला वेळ मेल्क ते क्रेम्सच्या वाखाऊ खोऱ्याला द्या. अंतर पस्तीसेक किलोमीटर, एका दिवसात सहज होईल, पण तिथे दोन दिवस राहा. उतारावर द्राक्षाचे मळे, मेल्कला नदीच्या वर प्रचंड मठ, ड्युर्नस्टाइनला पडका किल्ला. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1192 मध्ये पकडला गेला, तेव्हा त्याला याच किल्ल्यात ठेवलं होतं. किल्ल्यावर चढा, मुलं विजयदुर्गाशी ताडून बघतीलच. जवळच्या विलेनडॉर्फला 1908 मध्ये 11 सेंटिमीटरची अश्मयुगीन दगडी मूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. क्रेम्सपासून पुढे पुन्हा रेल्वे.

सासूबाईंचं यातच जमतं. वाखाऊत मेल्क ते क्रेम्स प्रवासी बोट चालते. बाकीच्या टप्प्यांवर तुम्ही दोघांनी आळीपाळीने त्यांच्यासोबत रेल्वेने किंवा बोटीने पुढे जायचं आणि मुक्कामी सायकलवाल्यांची वाट बघायची. पहिली पाळी बसवाल्या यजमानांना द्या.

काळजी पावसाची. जूनमध्ये डॅन्यूब कधी कधी फुगते. जून 2013 मध्ये पासाऊत पाणी जवळजवळ 13 मीटरच्या पातळीला गेलं होतं. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, चिपळूणकरांना त्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. निघण्याआधी पाण्याची पातळी बघा, आणि मुक्काम शक्यतो रद्द करता येतील असेच घ्या. पाऊस आपल्यासारखा नसतो, पण गार असतो, तेव्हा रेनकोटाच्या आत स्वेटर हवा. ऑस्ट्रियात 12 वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे. रहदारी उजव्या बाजूने, हे मुलीच्या डोक्यात इथेच पक्कं करा. एप्रिलमध्ये सकाळी लवकर कुणकेश्वरपर्यंत जाऊन-येऊन सराव होईल.

रविवारी तिथली किराणा दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच करा. मासा मिळेल तो गोड्या पाण्यातला, त्याच्याकडून बांगड्याची अपेक्षा ठेवू नका. घरून भाजणी, मेतकूट, फणसपोळी न्या. तूप आणि पेढे नकोत, युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आणि हो, आंब्याची पेटीही नेऊ नका! ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट असलेल्या मोजक्या फळांत नारळ आहे, हापूस नाही.

मुलीची समजूत घालावी लागेल. स्लोव्हेनियातल्या सोचा नदीचं पाणी जूनमध्ये हाडं गोठवणारं असतं, पण राफ्टिंगवाले जाड रबरी पोशाख देतात, आणि बर्फाच्या पाण्याने नदी तेव्हा जोरात असते. म्हणजे तिची निवड चुकीची नाही. सायकलीला घरात कोणी ठाम नकार दिला, तर बोहिन तलावाकाठी आणि बोवेत्सला मुक्काम करून फक्त स्लोव्हेनिया करा. डॅन्यूबला जोडून मात्र नको, सगळा वेळ सामान बांधण्यात जाईल.

व्हिसाचं आजपासून बघा. म्युनिकला उतरून दोन-अडीच तासांत रेल्वेने पासाऊ गाठाल, म्हणजे प्रवेश जर्मनीतून. पण जास्त रात्री ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे तुम्हाला नोव्हेंबरअखेरीस. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाच्या आतल्यांना 45. मुलाचं पूर्ण भरावं लागेल. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. आंब्याच्या धांदलीत मुंबईची फेरी जमायची नाही, तेव्हा मोहोर धरायच्या आत ते काम उरका.