इंटरलॉकला देण्याआधी अस्तर वाचवा

ताई, तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या बाळासाठी छत्तीस बाय पंचेचाळीस इंचांची गोधडी झाली आहे, अस्तर चारही बाजूंनी दीड इंच जास्त ठेवलंय, आणि मंगळवारी दुकानातून कडांना इंटरलॉक (कड उसवू नये म्हणून मारायची मशीनची शिलाई) मारून आणलं की तेच अस्तर पुढे दुमडून काठ करायचा. कोपरे जाड होतात त्याचं काय करू, असा तुमचा प्रश्न. कोपऱ्यांचं सांगते, पण आधी हे ऐका: इंटरलॉकला देऊ नका. त्या मशीनला सुईशेजारीच पातं असतं. शिवता शिवता ते कडेचं कापड कापत जातं, तेच त्याचं काम आहे. तुमचं राखून ठेवलेलं दीड इंच पाच मिनिटांत खाली चिंध्यांत पडेल.

माझं पडलं आहे, म्हणून एवढ्या घाईनं लिहिते आहे.

आई गेल्यावर पेटीतून तिचं एक नऊवारी लुगडं निघालं. हिरवं, मरून काठाचं. मधे मधे विरलं होतं, पण काठ अजून कडक होते. त्याचे दोन चांगले तुकडे मधोमध जोडून मी अस्तर केलं, असं की दोन्ही लांब बाजूंना काठ बाहेर येतील. विरलेला भाग काठासकट आत थर म्हणून घातला. काठाला विणतानाच कन्नी, म्हणजे बंद कड, असते, तो उसवत नाही, म्हणून दोनदा दुमडायची गरज नव्हती. दोन इंचांचा काठ एकदाच पुढे वळवला की गोधडीला दोन्ही बाजूंनी आईच्या लुगड्याचा काठ मिळणार होता. चार महिने रोज दुपारी धावदोरा घातला. मग घराजवळच्या पिको-फॉलच्या दुकानात नेली आणि एवढंच म्हटलं, "कडा पक्क्या करून द्या."

हे वाक्य माझं होतं, ते मी नाकारत नाही. कोणत्या कडा, कुठून, किती कापड सोडायचं, काही सांगितलं नाही. मला वाटलं, दोन इंच काठ बाहेर दिसतो आहे तर कुणीही समजेल. दोन दिवसांनी गोधडी हातात आली तेव्हा हिरवं कापड टॉपच्या, म्हणजे गोधडीच्या वरच्या थराच्या, बरोबरीनं संपलं होतं. काठाचा धागासुद्धा नाही. "कडा वाकड्या होत्या ताई, सरळ करून दिल्या," म्हणे. मी पट्ट्या मागितल्या. चिंध्यांचं पोतं आदल्या दिवशीच गेलं होतं. साधं "चुकलं" एवढंही कुणी म्हटलं नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले, आणि वर "तुम्ही सांगितलं नव्हतं". दुसऱ्याच्या घरातलं जुनं कापड हातात आलं की कात्री लावण्याआधी एक फोन करावा, एवढं तरी कळायला हवं. मला आजही त्या गल्लीतून जाववत नाही. उरलेला काठ गोधडीच्या पोटात आहे, चार महिन्यांच्या टाक्यांखाली. तो काढायचा म्हणजे सगळंच उसवायचं.

शेवटी नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून मरून सुती कापड आणलं आणि वेगळी पट्टी लावली. चौपन्न बाय चौऱ्याऐंशीच्या गोधडीला अडीच इंचांच्या आठ पट्ट्या लागल्या, पाऊण मीटर कापडात झालं. पट्टी दुहेरी दुमडून लावायची. (कापड घेताना एक धागा ओढून जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानदार सगळ्यालाच प्युअर कॉटन म्हणतात.)

आता तुमचं. मी शिवणक्लास घेत नाही, माझ्या हाताला जे जमलं तेच सांगते. कोपरे जाड होतात कारण आतली बॅटिंगही, म्हणजे मधला भरावाचा थरही, अस्तराबरोबर दुमडली जाते. बॅटिंग टॉपच्या बरोबरीनं कापा, अस्तराला हात न लावता. कापताना दोघांच्या मधे जुन्या कॅलेंडरचं जाड पान सरकवत न्या, म्हणजे कात्रीचं टोक अस्तरात घुसत नाही. कोपऱ्याला अस्तराचं टोक तिरकं आत दुमडा, घडी टॉपच्या टोकाला टेकली पाहिजे. पाव इंच सोडून बाकीचा त्रिकोण कापा. मग बाजू घ्या: अस्तराची कड टॉपच्या कडेला भिडेल अशी निम्मी दुमडा आणि पुन्हा एकदा टॉपवर वळवा. पाऊण इंचाचा काठ होतो आणि कोपऱ्यात दोन्ही बाजू तिरक्या रेषेत जुळतात. टाचण्या लावून शिलाई घडीपासून दोन मिलिमीटरवर. सुरुवात कोपऱ्यातून नको, बाजूच्या मध्यातून करा. अस्तर ओढू नका. ओढलं की कड लाटांसारखी होते.

अस्तर धुऊन घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर त्याच कापडाचा दहा इंचांचा चौकोन कापून भिजवा, वाळवा, पुन्हा मोजा. साडेनऊ भरला तर शंभराला पाच आटतंय. पहिल्या धुण्यानंतर काठ चुणला तर दोष तुमच्या शिलाईचा नाही, एवढं आधी कळेल.

माझं मत विचाराल तर बाळाच्या गोधडीला अस्तर दुमडणं छान आहे. मोठ्यांच्या रोजच्या पांघरुणाला मी आता कधी करत नाही. बाहेरच्या घडीवर कापडाचा एकच थर येतो, तिथेच पहिल्यांदा झिजतं, आणि झिजलं की अस्तरच फाटलं म्हणायचं. वेगळी पट्टी झिजली तर उसवून नवी लावता येते. कुणाचं मत वेगळं असेल, मी भांडणार नाही.

दुकानात पाठवायचीच झाली, एखाद्या शिलाईसाठी, तर आधी जास्तीचं अस्तर मागच्या बाजूला दुमडून रंगीत दोऱ्यानं कच्चे टाके घाला आणि वर चिठ्ठी टाचा: "कापायचं नाही". पण मंगळवारी नेऊ नका.