अक्काला विचारा : वॉर्डात दिसतं ते मोजून बघायचं

या वेळी पत्रं जास्त करून सिस्टर लोकांची आणि घरात पेशंट असलेल्यांची आलीत. मी स्वतः तीसेक वर्षं वॉर्डात आणि मग पोरींना शिकवण्यात काढली, त्यामुळं हे विषय निघाले की माझं उत्तर लांबतं, संभाळून घ्या.

प्रश्न : अक्का, मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात जांबोटीकडं. आमच्या ग्रुपला रिसर्च प्रोजेक्ट करायचाय. सीनियर पोरी म्हणतात ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता’ असला विषय घ्या, प्रश्नावली तयार मिळते, प्री-टेस्ट घ्यायची, शिकवायचं, आठ दिवसांनी पोस्ट-टेस्ट, झालं. पण मला काय पटत नाही बघा. असल्या रिसर्चनं पेशंटला काय मिळतं? आणि नर्सच्या रिसर्चनं कधी काय बदललंय तरी काय?

उत्तर : पोरी, तुला पटत नाही हे बरंच आहे की. मी स्वतः असले कितीतरी प्रोजेक्ट तपासलेत, शंभरातल्या नव्वदांचा निकाल वाचायच्या आधी सांगता येतो, की शिकवल्यावर मार्क वाढले आणि फरक लक्षणीय आहे. वाढणारच ना! तेच तीस प्रश्न, तीच माणसं, मधे तू येऊन उत्तरं सांगून गेलीस. न वाढले तरच नवल. पण मार्क वाढले म्हणून माणूस तसं वागायला लागला का, आणि वागला तर त्याच्या तब्येतीत काय फरक पडला, हे त्यात कुठंच नसतं. हात धुवावेत हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत आहे, परीक्षा घेतलीस तर सगळे पास होतील, पण सकाळी ड्रेसिंगच्या राउंडला एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना किती जण हात धुतात ते कोपऱ्यात उभं राहून मोजून बघ.

आता तुझा दुसरा प्रश्न, नर्सनं कधी काय बदललं. लांब कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे आणि आपल्याच पोरींना ती माहीत नसते याचं मला फार वाईट वाटतं. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास झाला, इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर केलेला. बाळंतपणानंतर जो रक्तस्राव होतो त्यात बायका दगावतात, हे तुला माहीत आहेच. तो टाळायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड जागेत ठेवावं लागतं, टोचायला शिकलेलं माणूस लागतं, आणि तेव्हा कितीतरी बाळंतपणं घरात नाहीतर सबसेंटरमधे नर्सबाईच्या हातानं व्हायची. तर प्रश्न असा होता की मिसोप्रोस्टॉलची गोळी, जिला फ्रीज लागत नाही की सुई लागत नाही, ती बाळंतपण झाल्या झाल्या तोंडानं दिली तर उपयोग होतो का. १६२० बायका घेतल्या, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, कुणाला कुठली ते देणाऱ्यालाही माहीत नाही. आणि बाळंतपण करणं, गोळी देणं, रक्त मोजणं हे सगळं काम केलं २५ एएनएम, म्हणजे खेड्यातल्या सबसेंटरवरच्या सिस्टरनी! आराखडा डॉक्टरांचा होता हे खरं, पण रात्री-अपरात्री कंदिलाच्या, बॅटरीच्या उजेडात नर्सबायांनी नीट मोजलं नसतं तर त्या आराखड्याला काय अर्थ होता?

निकाल असा लागला की औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला आणि खरी गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो असा हिशेब निघाला. गोळीनं हुडहुडी भरायचं प्रमाण वाढलं, तेही त्यांनी लपवलं नाही, लिहिलं. २००६ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकात छापून आला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. (वाचणाऱ्या बायकांनो, ही गोळी मनानं घ्यायची नाही, ती बाळंतपण करणाऱ्यानंच वेळ बघून द्यायची असते.)

आणि यातला मला सगळ्यात आवडणारा भाग औषधाचा नाहीच, मोजण्याचा आहे. आधी रक्त गेलेलं अंदाजानं सांगायचे, “दोन-तीन कपडे भिजले बघा” असं. तर इथं एक प्लास्टिकची शीट वापरली, बाईच्या खाली घालायची, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर एमएलच्या खुणा. इथंच बेळगावात डोळ्यानं केलेला अंदाज आणि या पिशवीतलं मोजमाप यांची तुलना केली तेव्हा डोळ्याचा अंदाज जवळजवळ एक तृतीयांशानं कमी निघाला. विचार कर, आपण इतकी वर्षं अंदाजानं “नॉर्मल आहे” म्हणत होतो! पुढं असल्याच खुणांच्या पिशवीचा वापर आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांत केलेल्या मोठ्या अभ्यासात झाला, २०२३ साली तो आला, तिथं पिशवी आणि लगेच करायच्या उपचारांचा एक संच मिळून वापरल्यावर जादा रक्तस्राव ओळखायचं प्रमाण ९३ टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या हॉस्पिटलांत ते ५१ टक्केच होतं.

तर तुमच्या ग्रुपनं काय करावं. मोठं काही नको, चार-पाच जणींना दोन महिन्यांत जमेल असंच घ्या. तुम्ही वॉर्डात असता तेव्हा ज्या गोष्टीनं तुमचा जीव चुटपुटतो तिथून सुरू करा. सलाईनची सुई किती दिवस राहिली आणि त्या जागी लाली, सूज, दुखणं आलं का, हे शंभर सुयांचं नुसतं रोज बघून लिहिलं तरी खरा अभ्यास होतो, त्यासाठी खुणांचं ठरलेलं स्कोअरिंग आहे ते वापरा, प्रत्येकीनं आपल्या मनानं “थोडी लाली” असं लिहायचं नाही. किंवा डिस्चार्जच्या वेळी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतात, आपल्याकडं सांगणारी सिस्टर कन्नड, पेशंट मराठी, चिठ्ठी इंग्लिशमधे, आणि म्हातारी सगळ्याला मान हलवते. तिलाच परत विचारायचं, “आज्जी, आता तुम्ही मला सांगा बघू, रात्री कुठली गोळी घेणार?” असं उलट विचारलेले पेशंट आणि नेहमीसारखे गेलेले पेशंट, दोघांना आठ दिवसांनी फोन करून गोळ्या मोजायला लावायच्या. यात शिकवणंही आलं म्हणजे गाईड मॅडमचाही मान राहिला, फक्त मार्काऐवजी गोळ्या मोजल्या. एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती मात्र आधी, नंतर सही मारून घेतलेली चालत नाही. आणि निकाल मनासारखा नाही आला तरी तसाच लिहायचा, काय. मार्क कापले तर मला कळव, मी स्वतः तुझ्या मॅडमना पत्र लिहीन.

प्रश्न : नमस्कार अक्का, निपाणीहून लिहितोय. आईला अर्धांगवायू झाला, चार महिने अंथरुणावर आहे. माकडहाडाजवळ लाल झालंय. हॉस्पिटलात सिस्टरनी दर दोन तासाला कूस बदला म्हणून सांगितलं होतं. शेजारचे म्हणतात हवा भरलेली रिंग बसवा, काकू म्हणते स्पिरिट लावून पाठ चोळ आणि पावडर टाक. मी दुकान सांभाळून करतो सगळं, रात्री झोप नाही. दोन तास म्हणजे दोनच तास काय?

उत्तर : दादा, आधी एक करा. त्या लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर कातडीखाली इजा सुरू झाली असं समजा आणि सिस्टरला नाहीतर डॉक्टरला दाखवा. कातडी फुटली, काळसर झाली, वास आला, ताप आला तर उद्यावर टाकू नका. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावूनही बघायचं, ती जागा गरम लागते का, घट्ट लागते का.

आता काकूचं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही मला, कारण आम्हाला ट्रेनिंगमधे हेच शिकवलेलं, सकाळ-संध्याकाळ स्पिरिट आणि पावडरचा डबा घेऊन पाठी चोळत फिरायचो आम्ही. आणि मी ते पुढं पोरींनाही शिकवलं. नंतर अभ्यास होत गेले तेव्हा कळलं की लाल झालेली जागा चोळली की आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना जास्तच इजा होते आणि स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. रिंगचंही तसंच, मधली जागा मोकळी राहते पण कडेनं दाब पडून तिथलं रक्त अडतं. दोन्ही बंद करा.

दोन तासांचं विचारलंत ते फार चांगलं विचारलंत. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांतल्या ९४२ जणांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली आला. काहींची कूस दोन तासांनी, काहींची तीन आणि काहींची चार तासांनी बदलली, आणि जखमा व्हायच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण थांबा, लगेच चार तासांचा गजर लावू नका! ती सगळी माणसं जाड, चांगल्या फोमच्या गादीवर होती, आणि आपल्याकडं असते कापसाची, मधे खड्डा पडलेली. शिवाय आईंना आधीच लाली आलीय. म्हणून सध्या दोन तासच धरा. जमलं तर एअर बेड आणा, भाड्यानंही मिळतो, मग लाली गेल्यावर सिस्टरला विचारून रात्रीचं अंतर वाढवता येईल आणि तुम्हालाही झोप मिळेल. तुम्ही आजारी पडलात तर आईंचं कोण करणार हो.

कूस पूर्ण आडवी करायची नाही, पाठीमागं उशी लावून थोडी तिरकी, अंदाजे ३० अंशात. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ओढत सरकवायचं नाही, चादरीनं दोघांनी उचलायचं. ओलं राहू द्यायचं नाही. आणि जेवणात डाळ, अंडं, दूध, जे पचेल ते वाढवा, नुसत्या पेजेवर कातडी भरून येत नाही. भिंतीवर एक कॅलेंडर लावून वेळ आणि कुठली कूस ते लिहीत जावा, घरात तीन माणसं करत असली की “मला वाटलं तू केलंस” असं होतंच.

प्रश्न : मुलगी पीयूसी (बारावी) सायन्स झाली. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) घालू की बीएस्सी नर्सिंगला? शेती आहे, जास्त खर्च झेपणार नाही. — एक पालक, कागवाड

उत्तर : सायन्स आहे आणि कशीबशी का होईना फी जमत असेल तर बीएस्सी. चार वर्षं लागतात, जीएनएमला तीन. युरोपातल्या ९ देशांत चार लाखांच्या वर ऑपरेशनच्या पेशंटांचा अभ्यास केला होता, २०१४ चा आहे, त्यात एका नर्सकडं एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि डिग्रीवाल्या नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की तेवढीच कमी होते असं दिसलं. ते तिकडचं आहे, आपल्याकडं तस्संच होईल असं नाही, पण शिक्षणाचा पेशंटच्या जिवाशी संबंध आहे एवढं नक्की. नाहीच झेपलं तर जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, वाट बंद होत नाही. कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका, इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हॉस्पिटल स्वतःचं आहे का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठून विचारा की वॉर्डात खरंच किती दिवस असता. त्या खरं सांगतात.

प्रश्न : मी चिकोडीकडं स्टाफ नर्स आहे, अठरा वर्षं झाली. आता नवीन नियम, प्रत्येक पेशंटचा पेन स्कोअर लिहायचा, शून्य ते दहा. आमचे म्हातारे पेशंट “दहापैकी किती दुखतंय” विचारलं की नुसतं बघत राहतात, शेवटी आम्हीच पाच लिहून टाकतो. हे चुकतंय कळतंय, पण काय करू?

उत्तर : सिस्टर, तुम्ही हे मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मी तुमचं पत्र शेवटी ठेवलं, म्हणजे निवांत बोलता येईल. हे ‘पाच’ सगळीकडं लिहिलं जातं, मीही लिहिलंय. आणि त्या पाचावर डॉक्टर इंजेक्शन ठरवतात.

माझ्या वॉर्डात येळ्ळूरकडची एक आज्जी होती, पायाचं ऑपरेशन झालेलं. आकडा विचारला तर गप्प. सकाळी मीच सहज विचारलं, कसं आहे आज, तर म्हणाली, “बारा आणे कमी झालंय गं, चार आणे राहिलंय.” मी बघतच राहिले! तिच्याकडं मोजपट्टी होतीच की, आपण चुकीची पट्टी पुढं करत होतो. तेव्हापासून जुन्या माणसांना मी आण्यात विचारायला लागले, चार आणे, आठ आणे, बारा आणे, पुरा रुपाया, आणि पटापट उत्तरं यायची. पण मी ते कधी नीट तपासलं नाही, वहीत लिहून ठेवलं नाही, याची खंत मला आजही आहे. तुम्ही करा. चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी असते ती आणि ही आण्यांची, दोन्ही एकाच पेशंटला एकाच वेळी विचारायच्या, गोळी दिल्यावर तासाभरानं परत, आणि दोन्ही बरोबर खाली येतात का बघायचं. वरिष्ठांना आणि कमिटीला आधी विचारून. चार्टवर मात्र ठरलेला स्कोअरच लिहा, आणे शेजारी नोंद म्हणून.

आणि किती दुखतं यापेक्षा कसं दुखतं हे जास्त मोलाचं. १९७५ साली कॅनडातल्या मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञांनी दुखण्याचे ७८ शब्द वीस गटांत लावून एक प्रश्नावली केली, ती जगभर वापरतात. तिचं शब्दाला शब्द भाषांतर करून आपलं भागणार नाही, कारण आपल्याकडं ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सल वेगळा, ठुसठुस वेगळी, भगभग, तिडीक, शिणक, ओढ, गोळे येणं, मुंग्या येणं, एकेका शब्दात निदानाचा धागा असतो. भगभग म्हटली की मी आधी भाजल्यासारखी आग, नस याकडं बघते, ठुसठुस म्हटली की पू धरतोय का बघते. त्यात आपल्याकडं घरात मराठी बोलणारी बाई दवाखान्यात आल्यावर सिस्टर कन्नड दिसली की “नोवु” एवढंच म्हणते, आग होत असली तर “उरी”, बाकी सगळे शब्द गिळून टाकते. मग फाइलमधे काय राहतं, नुसतं ‘पेन’.

तुम्ही एक साधी वही करा. पेशंट दुखण्याला जो शब्द वापरेल तो त्याच्याच तोंडचा, मराठी असो कन्नड असो की उर्दू, तस्साच लिहायचा, पुढं वय, कुठं दुखतं, आणि डॉक्टरांनी शेवटी काय निदान केलं ते. नाव लिहायचं नाही. नाइट ड्युटीवाल्या सिस्टरलाही सांगा, रात्रीच माणसं खरं बोलतात. तीनेक महिन्यांनी शंभर-दीडशे शब्द झाले की मला चिकोडीहून ती वही पाठवा, नाहीतर मीच येते, दोघी बसून गट लावू.