अंबड एमआयडीसीतल्या आमच्या प्रेस शॉपचा जुना टूल सेटर (प्रेसवर साचा, म्हणजे टूल, बसवून जुळवणारा) चार महिन्यांत निवृत्त होतोय. त्याचं सगळं ज्ञान एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) कसं उतरवायचं?

सगळं उतरणार नाही. आकडे कागदावर घ्या आणि अंदाज शिकायला आजपासून त्याच्या हाताखाली एक माणूस द्या. शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर साच्यासाठी उरणारी उंची), कुशनचा (पत्र्याला आधार देणाऱ्या गादीचा) हवेचा दाब, फीड पिच (दर ठोक्याला पत्रा किती सरकतो), कोणत्या डायखाली (साच्याच्या खालच्या भागाखाली) किती जाडीची शिम (पातळ पट्टी), हे प्रत्येक टूलच्या एकपानी सेटिंग कार्डावर मावतं. बर (कापलेल्या कडेवरचा खरखरीत कंगोरा) एकाच बाजूला येत असेल तर पंच (वरचा कापणारा भाग) आणि डायमधला क्लिअरन्स, म्हणजे फट, सारखा नाही, सगळीकडे वाढली तर बहुतेक धार गेलीय, इतकंही लिहिता येतं. पण आवाज बदलला म्हणून प्रेस नेमकी कधी थांबवायची, हे त्याला विचारून सांगता येणार नाही. म्हणून मुलाखती घेत बसू नका. नव्या माणसाने सेटिंग करावं (प्रेस इंचिंगवर, म्हणजे थोडी थोडी हलवत, ठेवून), जुन्याने फक्त बघावं, आणि तो जिथे हात अडवेल तिथेच विचारावं: ‘आत्ता काय दिसलं?’ उत्तर त्याच दिवशी कार्डावर, पहिल्या पीसच्या फोटोसकट. व्हिडिओ काढलात तर दोन-तीन मिनिटांचे. तासाभराची फाइल कुणी उघडत नाही. आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता मानकाचं कलम 7.1.6 संस्थेचं ज्ञान जपायला सांगतं, पण ठरावीक फॉर्मॅट मागत नाही, तेव्हा ऑडिटसाठी वेगळा रजिस्टर नको. मात्र टूल ग्राइंड झालं की उंची घटते आणि शिमचा जुना आकडा चुकतो. शेवटच्या ग्राइंडिंगची तारीख नसलेलं कार्ड वापरू नका.